तुळजाक्काची हुळी

समई अर्धीच उजळली होती. वरची पणती सोन्यासारखी चकचकीत आणि खालची बैठक अजून काळीकुट्ट, अशी ती तुळजाक्काच्या गुडघ्याला टेकून उभी होती. बाजूला सुपात बिंबल्यांचा, त्या बोटभर आंबट फळांचा, ढीग. बिंबल्या ठेचायच्या, चिमूटभर मीठ टाकायचं आणि पितळेवर घासायच्या. हात झोंबतात, पण डाग म्हणून उरत नाही. तुळशीच्या लग्नाला पाच दिवस राहिले होते आणि देवाची भांडी निम्मीसुद्धा झाली नव्हती. तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला.

वडगाळीत फोन कानाला लावून बोलता येत नाही. पंधरा घरांचं गाव, चारी अंगांनी रान. रेंज येते ती प्रत्येक घरात एकेकाच जागी. तुळजाक्काच्या घरात ती जागा म्हणजे मागच्या खिडकीचा गज. तिथं प्लास्टिकच्या पिशवीत फोन टांगलेला असतो. वाजला की पिशवीवरूनच दाबायचा आणि खिडकीकडं तोंड करून ओरडायचं. हात आंबटानं बरबटलेले, म्हणून तुळजाक्कानं नाकाच्या शेंड्यानं फोन उचलला.

"आक्का! मी विमल! जोयड्यातनं बोलाय लागले!"

विमल म्हणजे गावच्या बायकांच्या संघाची अध्यक्ष.

"बोल गे, ऐकतोय सगळा गाव!"

"बुधवारी तालुक्याच्या संघांची स्पर्धा हाय. आपल्यातनं तूच जायचं... खर्रर्र... तू घरात जे करतीस ते दाखवायचं... खर्रर्र... बक्षीस पिठाची गिरण हाय! गिरण!"

"गिरण? पण स्पर्धा कशाची?"

फोनमधनं खरखर आली, आणि त्या खरखरीतून तुळजाक्काला ऐकू आलं ते असं: "हुळी, ताई! हुळी, ताई!" पुढं सगळं गप्प.

हुळी म्हणजे कानडीत आंबट. तुळजाक्काची कानडी बाजारापुरती, पण हा शब्द तिला पक्का ठाऊक. ती तशीच उभी राहिली. बोटांतून बिंबलीचा रस जमिनीवर ठिबकत होता. आंबटाची स्पर्धा, आणि बक्षीस गिरण! गावदेवी आई सातेरीनं तिचं घर बघूनच स्पर्धा ठेवली की काय?

गिरणीचं एवढं काय, असं शहरातल्या बाईला वाटेल. वडगाळीहून जवळची गिरण सहा मैलांवर, मोठ्या रस्त्याला. गाडी सकाळी एक जाते, संध्याकाळी एक येते. बायकांना तिकीट लागत नाही हे खरं, पण पायलीभर नाचणी दळायला अख्खा दिवस जातो. तिथं वीज गेली की पोतं जसंच्या तसं माघारी. गेल्या महिन्यात दोनदा तसंच झालं होतं. मग बायका काय करणार? रामनगरच्या बाजारातनं पिठाच्या पिशव्या आणायला लागल्या. शेतातली नाचणी कोंबड्यांपुढं आणि बाजारचं पीठ माणसांच्या ताटात! हे तुळजाक्काला बघवत नव्हतं. गावात एक लहानशी गिरण आली तर पंधरा घरांचा हा खर्च एका दमात थांबणार होता. तालुक्यात अशी स्पर्धा पहिल्यांदाच लागत होती. हुकली तर पुन्हा कधी, देव जाणे.

"रेश्मा! ए रेश्मा! माळ्यावरच्या बरण्या काढ!"

रेश्मा तिची सून. रामनगरच्या किराणा दुकानदाराची लेक, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिच्या माहेरी सगळं पुडीतनं निघायचं. इथं सगळं झाडावरून पडायचं. ती ओल्या हातानं बाहेर आली.

"काय करूलालासा आत्या? समई अशी अर्धी टाकून?"

तुळजाक्कानं सगळं एका श्वासात सांगितलं. रेश्माच्या कपाळावर आठी आली.

"आंबटाची कसली स्पर्धा असती?"

"का नसावी? गोडाची असती, तिखटाची असती. आंबटानं काय घोडं मारलंय?"

"पण विमलमावशी तुम्हाला ताई कवा म्हणती? आक्का म्हणती की."

"तालुक्याला गेली म्हंजे माणूस जरा सुधारतंय. तू बरण्या काढ."

लखू, तिचा नवरा, खळ्यावरनं पाणी प्यायला आला होता. भाताचं तूस अंगभर चिकटलेलं. तो तांब्या खाली ठेवत म्हणाला, "आंबटाला गिरण देणार? मग बरण्या कशाला न्हेतीस? तुझं तोंड बघूनच देतील."

"मिळू दे गिरण, पयली तुमची जीभ दळते त्यात!"

पुढचे तीन दिवस त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमसुलं निघाली. कैरीच्या वाळल्या फोडी, म्हणजे आंबोशी, उन्हात पुन्हा एकदा कडक झाली. ओटंबाच्या, त्या आंबट रानफळाच्या, वाळल्या फोडी निघाल्या. मासळीच्या कालवणाला त्यापरतं आंबट नाही. आंबाड्याचं लोणचं, भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांतून काढलेलं तुपासारखं घट्ट तेल, आणि डबाभर नाचणीची आंबील. बिंबल्यांची एक पिशवी वेगळी. बुधवारी निघता निघता तिची नजर त्या अर्ध्या समईवर गेली. बैठकीचा काळपटपणा तसाच होता. बरण्यांच्या नादात तिला हात लावायलाच सवड झाली नव्हती. "ही पण घे," ती सुनेला म्हणाली. "आंबटाची साक्ष हाय ही." देव्हाऱ्यात तिनं साखरेची चिमूट ठेवली, हात जोडले आणि दोघी पिशव्या सांभाळत गाडीला पळाल्या.

जोयड्याच्या सभागृहात बायकांचा नुसता बाजार भरला होता. कॅसलरॉकहून रेल्वेनं निघून पुढं गाडीनं आलेल्या, रामनगरच्या, कुळगीकडच्या, आडरानातल्या. कुणी कानडीत, कुणी मराठीत, कुणी दोन्ही एकदम. दारात प्रत्येकीच्या हातात एकेक काजूची बी दिली जात होती. तुळजाक्काला टेबल दाखवलं. तिनं उत्साहानं बरण्या मांडल्या, समई मधोमध ठेवली आणि पदर खोचून आजूबाजूला पाहिलं.

कुणाकडंच आंबट नव्हतं.

शेजारच्या टेबलावर रामनगरच्या यमुनाबाईंनी चार रंगांत लिहिलेला तक्ता टांगला होता. पलीकडं कुणी कमी विजेच्या दिव्यांची चित्रं लावली होती, कुणी जुन्या साडीच्या पिशव्या शिवून आणल्या होत्या. रेश्मा मंचावरचा कानडी फलक एकेक अक्षर लावून वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"आत्या... हुळी न्हाई. उळिताय. उ-ळि-ता-य."

"म्हंजे?"

"बचत."

तुळजाक्काच्या कानांत गरम वारं शिरलं. तेवढ्यात विमल गर्दीतून वाट काढत आली आणि टेबल बघून जागीच थबकली.

"आक्का, हे काय? लोणच्याचं दुकान लावलंस?"

"तू हुळी म्हटलीस!"

"मी उळिताय म्हटलं!"

"मग सरळ बचत म्हणायला तुझी जीभ झडली होती?"

"स्पर्धा घेणाऱ्या मॅडमच्या कागदावर उळिताय लिहिलं होतं, मी तेच वाचलं! आता काय करायचं? तक्ता न्हाई, काही न्हाई, गिरण गेली आपली!"

तुळजाक्कानं भराभर बरण्या पिशवीत कोंबायला घेतल्या. "रेश्मा, माघारी गाडी कितीला हाय?"

"साडेचारला."

आत्ता अकरा वाजले होते. पळायलासुद्धा वाट नव्हती!

मंचावर धारवाडहून आलेल्या मॅडम माइकवर नियम सांगत होत्या. प्रत्येक संघाच्या बाईनं बोलायचं. ऐकणाऱ्या बायकांनी आपल्याजवळची काजूची बी, 'हिचं सांगणं मी उद्यापासून माझ्या घरात करीन' असं जिच्याबद्दल वाटेल तिच्या वाडग्यात टाकायची. जिच्या वाडग्यात जास्त बिया, तिच्या संघाला गिरण. गिरण मंचाच्या कोपऱ्यात उभीच होती. पांढरी, बुटकी, डोक्यावर धान्य ओतायची चाडी. तुळजाक्का तिच्याकडं बघायची आणि नजर वळवायची.

यमुनाबाई बोलल्या आणि काय बोलल्या! बाजाराला जाताना यादी कशी करावी, गॅस कसा वाचवावा, डाळ आधी भिजवली तर शिट्ट्या किती कमी लागतात. बायका माना डोलवत होत्या. वाडग्यात बिया टपटपू लागल्या. आणि मग माइकवरून आवाज आला: "वडगाळी संघ!"

"आत्या, चला," रेश्मा म्हणाली.

"काय सांगू जाऊन? माझं कपाळ?"

"मी संगट येते. समई घ्या."

तुळजाक्का समई छातीशी धरून मंचावर चढली. तोंडून पहिलं वाक्य निघालं तेच खरं: "मी चुकून हुळी आणली, बाई. मला वाटलं आंबटाची स्पर्धा हाय."

सभागृह हशानं फुटलं. पुढच्या रांगेतली एक बाई हसताना खुर्चीवरून घसरली. मॅडमच्या चष्म्याखालून पाणी यायला लागलं. पण हसता हसताच त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "असू दे, आक्का. हुळी तर हुळी. आता तुम्हीच सांगा, हुळीनं उळिताय कसा होतो?"

तुळजाक्कानं समई वर धरली. अर्धी चमकती, अर्धी काळी. हसणं हळूहळू कमी झालं.

"ह्या वरच्या अंगाला मी बिंबली लावली. खालच्याला काहीच न्हाई. माझ्या घरात भांड्याची पूड येत न्हाई." एवढं बोलली आणि बांध फुटल्यासारखं तिचं तोंड सुटलं. "चिंच येत न्हाई, आमसूल हाय. टमाटो महाग झाला म्हणून बाया रडत्यात, माझ्या आमटीत आंबोशी पडती, मला भाव ठाऊकच नसतोय! भिरंडाच्या बिया लोक फेकून देत्यात. मी त्यांचं तेल काढते. थंडीत टाचा फुटल्या की तेच, घावण्याच्या तव्याला तेच. आंबाड्याचं लोणचं हाय म्हणून बाजारची बाटली न्हाई. आणि सकाळी आमच्यात कोण दोनदा च्या पीत न्हाई. आंबील पितात. साखर वाचली, दूध वाचलं, वर दुपारपतोर भूक न्हाई!"

रेश्मा एकेक वाक्य कानडीत करून सांगत होती. मध्येच तिनं थांबून, तुळजाक्काला न विचारता, स्वतःचंच जोडलं: "मी लग्न होऊन आले तवा लपवून भांड्याची वडी आणायची. आत्यांना कळू नये म्हणून पेंढ्यात ठेवायची."

"मला ठाऊक होतं ते," तुळजाक्का माइकवरच म्हणाली. "म्हशीनं खाल्ली तवाच कळलं."

पुन्हा सगळं सभागृह खदखदलं. रेश्मानं पदरात तोंड लपवलं. आता बायका पुढं सरकून बसल्या होत्या. मॅडमनी आमसूल तोंडात टाकून डोळे मिटले आणि दुसरं मागितलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला. कॅसलरॉकची फुला उठून उभी होती, रेल्वेच्या क्वार्टरात राहणारी. "आक्का, तुझं सगळं खरं. पण तुझ्या परसात झाडं हाईत. आमच्या क्वार्टरात ना भिरंड, ना बिंबली, ना ओटंब. उद्यापासून मी काय करू?"

बायकांत कुजबुज झाली. "बरोबर विचारलं!" विमलनं डोक्याला हात लावला. गिरण कोपऱ्यात उभी होती आणि तुळजाक्काला वाटलं, ती आत्ता सरकत सरकत यमुनाबाईंच्या टेबलाकडं निघालीय. तिनं मनात आई सातेरीला हाक मारली आणि फुलालाच विचारलं:

"तुझ्यात ताक होतंय का न्हाई?"

"होतंय की."

"लई आंबट झालं की काय करतीस?"

"वतते मोरीत. दुसरं काय?"

"तेच तुझं भिरंड, बये! त्यात पीठ कालव, कढी कर. नाचणीचं पीठ घालून रात्रभर ठेव, सकाळी आंबील तयार. तांब्याचा हंडा त्यानं घास, आरसा होतोय. तरी उरलं तर केसाला लाव. अगं, आमच्या आया आंबवून ठेवायच्या ते टिकावं म्हणून. आपण आंबलं म्हटलं की नासलं समजतो आणि वततो मोरीत. ताक न्हवं वतत, दुधाचे पैसे वततो!"

प्रत्येकीला आपली मोरी आठवली असावी. मग मॅडमनी माइक ओढून घेतला. त्यांचा आवाज चढला होता. "अगं बायांनो, ऐका! हुळीतला ह काढा. काय उरतं? उळी! उळी म्हणजेच उरणं, वाचणं. ह्या आक्कांनी स्पर्धेचं नाव चुकीचं ऐकलं आणि नेमकं बरोबर आणलं!"

टाळ्यांनी पत्रे वाजले. आणि मग बिया पडू लागल्या. टप, टप, टप. फुला स्वतः सगळ्यांत आधी आली, बी टाकली आणि वर मूठभर आंबोशी घेऊन गेली. वाडगा भरला. विमलनं घाईनं सुपारीच्या पानाचं ताट आणून खाली लावलं. यमुनाबाईंच्या वाडग्यातही शीग लागली होती, खोटं कशाला सांगा. कुणाची जास्त हे डोळ्यांनी कळेना. मॅडम मोजायला बसल्या. यमुनाबाईंच्या झाल्या एकाहत्तर. तुळजाक्कानं डोळे घट्ट मिटून घेतले. विमल मॅडमच्या मोजणीवर नजर ठेवून तुळजाक्काच्या कानाशी आकडे ओरडत होती, जणू ती बहिरी होती. "अडुसष्ट! एकोणसत्तर! सत्तर! आक्का, एकाहत्तर! बहात्तर! आक्का, अजून हाईत गे, अजून हाईत!"

ऐंशी झाल्या. तुळजाक्कानं डोळे उघडले तेव्हा रेश्मा तिच्या गळ्यात पडली होती आणि विमल दोघींच्या.

यमुनाबाई आल्या. "मी माझी बी मलाच घातली हं, देवाशपथ सांगते. पण ती आंबील कशी करायची ते नीट सांग. आणि थोडी ओटंबाची फोड दे, रामनगरला मिळत न्हाई."

"सगळी बरणी न्या, यमुनाबाई. तुमची ती डाळ भिजवायची गोष्ट मी उचलली की!"

साडेचारच्या गाडीत बायका आणि मधल्या वाटेत गिरण. कंडक्टरनं विमलसकट तिघींना शून्याची तिकिटं फाडून दिली, आणि गिरणीकडं बोट केलं.

"ह्याला तिकीट पडणार."

"का? बायकांना फुकट हाय न्हवं?" तुळजाक्का म्हणाली.

"बायकांना, आक्का. सामानाला न्हाई."

"गिरण तो म्हणतोस का ती म्हणतोस?"

"ती."

"मग बाईच झाली की!"

सगळी गाडी हसली. कंडक्टरसुद्धा हसला, "हिचं आधार कार्ड दाखव मग," म्हणाला, आणि हसत हसतच सामानाचं तिकीट फाडलं. त्या दिवशी तिघींचा झाला तो एवढाच खर्च.

वडगाळीच्या फाट्यावर अख्खा गाव उभा होता. विमलनं गाडीतनं रेंज असेतोवर सगळ्यांना फोन लावले होते. लखूनं आणि गावातल्या एका गड्यानं बांबूला दोर बांधून गिरण खांद्यावर घेतली, पुढं पोरं, मागं बायका. शेजारची पारू तर घरून नाचणीचं सूप भरूनच आली होती. "पयलं दळण माझं!" "तुझं का? म्हातारीचं पयलं!" "देवीचं पयलं, गप बसा!" असं भांडत भांडत वरात तुळजाक्काच्या पडवीत पोचली. कुंकू लागलं, हळद लागली. लखू गंभीरपणे म्हणाला, "माझी जीभ दळायच्या आधी जरा नाचणी दळून बघा." मग त्यानं वायर उलगडली आणि भिंतीतल्या बटणाच्या पाटीजवळ नेली.

तीन जाड पिना. भिंतीतली भोकं बारीक. तो एकदा पिनांकडं बघायचा, एकदा भोकांकडं.

"बसत न्हाई गे."

"दाबून बघा!"

"दाबून बसायला ही काय लोणच्याची बरणी हाय? मोठा पॉइंट लागतोय. जाड वायर ओढावी लागंल मीटरपासनं. न्हाईतर घर जळंल."

पारूनं सूप खाली ठेवलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पण तुळजाक्काच्या तोंडावरचं हसू काही हललं नाही. तिनं गिरणीवर स्वच्छ फडकं टाकलं, दळणं ओळीनं लावून घेतली, प्रत्येकीचं सूप ओळखू यावं म्हणून त्यात वेगवेगळी पानं खोचली आणि सुनेला म्हणाली:

"रेश्मा, सकाळच्या गाडीनं कुंबारवाड्याला जायचं. गुरुदास वायरमनला घेऊन यायचं."